पडून राह्यले

"लेकराशी तरी आपल्या बोलीत बोलत जा, साधना. न्हाई तर एक दिवस आपलंच माणूस आपल्याला काय सांगून राह्यलं ते तुला कळणार न्हाई."

माझ्या सासूबाई, नंदाबाई, असं म्हणाल्या तेव्हा मी साक्षीला भरवत होते. साक्षी माझी मुलगी, चार वर्षांची. ती म्हणाली, मी जेवून राह्यले. मी म्हटलं, तसं नाही म्हणायचं बाळा, 'मी जेवते आहे' म्हणायचं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं आणि वरचं वाक्य बोलल्या. मी 'हो आई' म्हटलं आणि पुढचा घास केला. त्या घनसावंगीच्या. त्यांच्या मते मी लेकराला पुणेरी करून टाकणार. माझ्या डोळ्यांपुढे मात्र साक्षीची शाळा होती. पुण्यात शिकायला गेले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी वर्गात उभी राहून म्हणाले होते, "सर, मी लिहून राह्यले," आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "राहा, राहा, इथंच लिहून राहा, घरी जाऊ नकोस." माझ्या मुलीला असं कुणी हसू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

पुण्यानंतर ते 'राह्यले' माझ्या तोंडातून गेलं. पुढे त्याच घासलेल्या जिभेवर मला घरबसल्या काम मिळालं, जालन्यात राहून.

काम फोनवरचं. पुण्याची एक कंपनी एका श्रीमंत उपनगराची पाहणी करते. उपनगर मुंबईच्या कडेला, समुद्राला लागून. त्याला मी इथे तरीबंदर म्हणते. तिथे कोण राहतं, कोणत्या वयाचं, काय खातं, कुठे फिरतं, काय विकत घेतं, हे सगळं ठरलेल्या घरांना दर आठवड्याला फोन करून विचारायचं. मग त्याचा मोठा अहवाल होतो आणि तो बिल्डर, मोटारीवाले, महागड्या शाळा असे लोक घेतात. फोनवर माझं नाव रुचि असतं. मी कुठून बोलते ते सांगायचं नाही, आडनाव-पत्ता विचारायचा नाही. नंबर मला दिसत नाही. कंपनीचं यंत्र जोडून देतं आणि काम झालं की ते घर पुढच्या आठवड्यापर्यंत बंद होतं.

मी समुद्र एकदाच पाहिला आहे, लग्नानंतर, गणपतीपुळ्याला. पण तरीबंदर मला आमच्या गल्लीपेक्षा जास्त माहीत आहे. तिथे लेकरं कमी आणि कुत्री जास्त. माणसं सकाळी समुद्राकाठी पळतात आणि संध्याकाळी गाडीत बसून जिममध्ये चालायला जातात. घरं मोठी, माणसं दोन. म्हातारे बरेच, आणि बहुतेक एकटे. आमच्याकडे नळाला कधी पाणी येईल त्याचा भरवसा नाही. टँकरचा भोंगा ऐकायला एक कान सतत खिडकीकडे ठेवून मी लोकांना विचारते, तुमच्या सोसायटीचा पोहण्याचा तलाव गरम पाण्याचा आहे का? भुजंग, माझे मिस्टर, स्टीलच्या कारखान्यात आहेत. ड्यूटीवरून आले की विचारतात, "काय म्हणतंय तुझं तरीबंदर? आज काय खाल्लं त्यांनी?" मी सांगते आणि ते भाकरी मोडत मान हलवतात.

मंगळवारी एक ठरलेलं घर असायचं. घरातल्या फोनच्या नंबरवर नोंदणी मोना नावाच्या बाईंनी केली होती: नवरा मयंक, त्या स्वतः आणि एक कुत्रा. पाहणीत भाग घेतला की खरेदीची कुपनं मिळतात, त्यासाठी. पहिल्या दोनेक वेळा मोनाबाई घाईघाईने बोलल्या. मग एका मंगळवारी म्हणाल्या, "मम्मीजी सांगतील, त्यांना वेळच वेळ आहे," आणि फोन दुसऱ्या हातात गेला.

मी नेहमीसारखं सुरू केलं. आठवड्यातून किती वेळा व्यायाम करता?

"लिफ्ट बंद पडली की करते, बेटा."

मी हसू दाबलं. घरात मद्य घेतलं जातं का?

"फ्रिजात हाय. मी त्याच्या बाजूला ताक ठेवत न्हाई."

घरातून समुद्र दिसतो का?

"दिसतो ना. पन त्या पान्याचं काय करावं? डाळ शिजंना त्याच्यात."

नियम असा की घरातला कुणीही मोठा माणूस उत्तर देऊ शकतो. म्हणून त्यानंतर दर मंगळवारी मी त्यांच्याशीच बोलत राहिले. सायरबाई त्यांचं नाव. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं, आणि इतरही बरंच. माहेर राजस्थानात, पण लग्न होऊन आल्या त्या थेट जुन्या जालन्यात. यजमान बजरंगलालजी, कापडाचं दुकान, वर घर. ते गेल्यावर दुकान विकलं आणि मुलानं त्यांना समुद्रावर नेलं. 'मुंबईला' असं त्या कधी म्हणत नसत, 'समुद्रावर' म्हणत. जणू पाण्यावरच खाट टाकून दिली होती.

जालना म्हणजे माझंच गाव. कुंडलिका नदीच्या अलीकडे मी, पलीकडे त्यांचं जुनं दुकान. पण ते बोलायची मला परवानगी नव्हती. त्यांना मात्र वास आला होता.

"तू 'बराबर' म्हनती ते आपल्यासारखं म्हनती. कुठली तू, बेटा?"

मी म्हटलं, मुंबई.

"मुंबईत कुठं?"

मी कागदावरचं वाक्य वाचलं की ही माहिती आम्हाला देता येत नाही.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या, आणि त्या हसल्या ते मला ऐकू आलं.

त्यांचं एक भांडण चालू होतं, सोसायटीशी. त्या बाल्कनीत राबोडी वाळत घालायच्या. मक्याचं पीठ ताकात शिजवून त्याच्या पातळ चकत्या करतात आणि कडक उन्हात वाळवतात; जालन्यात मारवाडी घरांच्या गच्च्यांवर उन्हाळाभर दिसतात. तरीबंदरात मात्र दर्शनी भागात काही वाळत घालायचं नाही असा नियम. सोसायटीच्या मॅनेजरनं वर येऊन समज दिली. सायरबाईंनी त्यालाच दोन चकत्या खायला दिल्या. मग तोडगा निघाला की एसीच्या डब्याआड, रस्त्यावरून दिसणार नाही अशा कोपऱ्यात, पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर घालायच्या आणि ऊन उतरलं की लगेच उचलायच्या. धोतर बजरंगलालजींचं. "रोज बराबर उचलते," त्या म्हणाल्या. "समुद्राची हवा लागली की नरम पडून जाते. संध्याकाळी बाहेर राह्यली की गेली."

या मंगळवारी, म्हणजे काल, फोन लागला तो बराच वेळ वाजत राहिला. मी सोडून देणार एवढ्यात त्यांनी उचलला. आवाज लांबून आल्यासारखा. मी विचारलं, घरी कोण आहे? मयंक आणि मोना परदेशी फिरायला गेले होते.

"कुत्र्याला होस्टेलात ठेवलं," त्या म्हणाल्या. "मला घरी ठेवलं."

हा त्यांचा नेहमीचाच सूर होता, म्हणून मी हसले. त्या हसल्या नाहीत. पुढचा प्रश्न होता, गेल्या आठवड्यात विरंगुळा म्हणून काय केलंत?

"काय करनार, बेटा. कालपासून सारखी पडून राह्यले."

"वा, म्हणजे छान आराम केलात," मी म्हटलं आणि 'विश्रांती' या चौकोनात खूण केली.

तिकडून श्वास तेवढा ऐकू येत होता.

"आराम?" त्या म्हणाल्या. मग, "बराबर हाय."

उरलेले प्रश्न त्यांनी 'न्हाई' आणि 'हाय' वर काढले. मी आभार मानले, पुढच्या मंगळवारी बोलू म्हटलं. घर बंद झालं.

दुपारी टँकरचा भोंगा वाजला. सासूबाई बादल्या घेऊन दारात गेल्या, मी स्वयंपाकघरात टाकीचं झाकण काढत होते. टँकर बघायला साक्षी शिलाई मशीनच्या स्टुलावर चढली, तिथून खिडकीच्या गजावर. आणि मला ऐकू आलं:

"आई, मी पडून राह्यले! आई, मी पडून राह्यले!"

मी पळत गेले. तिचा एक पाय गजात अडकलेला आणि बाकीची सगळी साक्षी हवेत मागे कललेली. फ्रॉकला धरून ओढली. डोकं मशीनच्या कडेपासून वीतभर अंतरावर होतं. ती रडली नाही, मीच रडले.

सासूबाई बादली टाकून आत आल्या होत्या. लेकराला चाचपून झाल्यावर, काही लागलं नाही हे पाहिल्यावर, मला म्हणाल्या, "बघ. पडायच्या टायमाला तुझं 'पडते आहे' न्हाई आलं तिच्या तोंडात."

मी साक्षीला कडेवर घेऊन तशीच उभी राहिले. कालपासून सारखी पडून राह्यले, बेटा.

आमच्या बोलीत 'जेवून राह्यले' म्हणजे जेवते आहे. 'पडून राह्यले' म्हणजे पडते आहे. लोळत राहिले, आडवी झाले, असा अर्थ पुण्यात. सायरबाई कधी पुण्यात राहिल्याच नव्हत्या. त्या मला सांगत होत्या की कालपासून मी सारखी पडते आहे, घरात कुणी नाही, उठते आणि पडते. आणि मी त्यांना म्हटलं होतं, वा.

मी आधी आमच्या वरिष्ठांना फोन केला. श्रेणिक सर, पुण्यात बसतात. वाईट माणूस नाही. साक्षीला ताप आला होता तेव्हा माझे फोन त्यांनी स्वतः केले होते. मी म्हटलं, सर, मंगळवारचं ते घर पुन्हा उघडून द्या, एकदाच लावते. त्यांनी विचारलं कशासाठी. मी सांगितलं. त्यांनी मला थांबायला लावलं, कॉलचं ध्वनिमुद्रण स्वतः ऐकलं आणि परत आले.

"मी दोनदा ऐकलं, साधना. त्या स्पष्ट म्हणतायत, पडून राहिले. यंत्रानंही तेच लिहून घेतलंय. आराम करतायत. आवाजही शांत आहे."

मी म्हटलं, सर, आमच्याकडे त्याचा अर्थ तसा होत नाही. मी उदाहरणं दिली, साक्षीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी त्या घराची नोंदणी उघडली. त्या घरात सायरबाई नावाचं कुणी नाही. नोंदणीत दोन मोठी माणसं आणि एक कुत्रा. पंचाहत्तरच्या वरचा रकाना रिकामा. म्हणजे इतके आठवडे मी नोंद नसलेल्या माणसाकडून उत्तरं घेतली, आणि खरं तर ती सगळी रद्द व्हायला हवीत. तो विषय ते काढणार नव्हते, पण नंबर देणं त्यांच्या हातात नाही. वर कळवतो म्हणाले. वर म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही.

मग मी पोलिसांच्या मदतीचा एकशे बारा नंबर लावला. फोनवरची मुलगी धीरानं बोलत होती. पत्ता विचारला. मी म्हटलं, तरीबंदर, उंच इमारत, समुद्राच्या बाजूला.

"ताई, तिथं सगळ्याच इमारती उंच असतील," ती म्हणाली. "नाव सांगा, मजला सांगा. मी लगेच पाठवायला सांगते."

त्या घरात कोणतं चीज खातात ते मला माहीत होतं. गाड्या कोणत्या रंगाच्या, गादी कोणत्या कंपनीची, कुत्र्याला कुठला साबण चालत नाही, सगळं. इमारतीचं नाव माहीत नव्हतं.

म्हणून मी साक्षीला घेतलं आणि रिक्षानं पुलापलीकडे जुन्या जालन्यात गेले. सासूबाई म्हणाल्या लेकराला ठेवून जा, पण त्या गजानंतर मला तिला नजरेआड करवत नव्हतं. कापडाच्या गल्लीत दुचाक्यांची गर्दी, रिक्षा आत जाईना. आम्ही चालत निघालो आणि मी दुकानादुकानातून विचारत गेले, बजरंगलालजींचं दुकान कुठलं. जिथे होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. शेजारच्या दुकानात रामकिसन नावाचे एक वयस्कर गृहस्थ साड्यांच्या घड्या घालत बसले होते. सायरबाईंचं नाव घेताच त्यांनी घडी मध्येच सोडली.

"त्या बाईनं अख्ख्या गल्लीला राबोडी खाऊ घातली, ताई. काय झालं त्यायला?"

मी त्यांना सायरबाईंचेच शब्द सांगितले. कालपासून सारखी पडून राह्यले. मला काहीही समजावून सांगावं लागलं नाही. ते उठून उभे राहिले.

"पडून राह्यल्या? अन् जवळ कोन हाय?"

दिवसभरात पहिल्यांदा कुणाला तरी कळलं होतं, आणि तेही तरीबंदरपासून इतक्या लांब. मी तिथंच गादीवर बसले. त्यांनी साक्षीला पाणी दिलं, मला दिलं, आणि मोबाइल काढून मयंकचा नंबर शोधायला लागले. सायरबाईंचा नंबर नव्हता, मयंकचा होता. "पन त्यो उचलत न्हाई," ते म्हणाले. "दिवाळीला मी चार ओळी लिहून पाठवतो, त्यो अंगठा पाठवतो." आडनाव मिळालं. इमारतीच्या नावासाठी त्यांनी डोकं खूप खाजवलं. वास्तुशांतीची पत्रिका आली होती, ती कुठे गेली कोण जाणे. इंग्रजी नाव होतं. फुलाचं होतं. कमळ नव्हतं, एवढं नक्की.

तिथंच बसून मी मयंकला फोन लावले, मेसेज टाकले. रामकिसनजींच्या फोनवरून, माझ्या फोनवरून. उचलला नाही. मग फुलांच्या नावाच्या इमारती शोधल्या. तरीबंदरात बागच आहे, लिली, ऑर्किड, मॅग्नोलिया. जिथे फाटकावरचा नंबर सापडला तिथे लावला. आता मी शहाणी झाले होते, 'पडून राह्यल्या' म्हणत नव्हते. सरळ सांगत होते, म्हातारी बाई पडली आहे, एकटी आहे. सगळ्यांचा एकच प्रश्न, फ्लॅट नंबर? एका रखवालदारानं आपल्या रजिस्टरला आडनाव आहे की नाही तेही सांगायला नकार दिला. त्याचंही बरोबर होतं. माझ्या घरचं कुणी असं परक्या बाईला सांगितलं असतं तर मीच त्याला फैलावर घेतलं असतं. एकशे बाराला पुन्हा फोन करून आडनाव दिलं. त्यांनी लिहून घेतलं. पत्ता मिळाला की कळवा म्हणाल्या, आम्हीही बघतो.

आज सकाळी मयंकनं फोन उचलला. मागे विमानतळावरच्यासारखी घोषणा चालू होती. मी आधी त्याच्या वडिलांचं नाव घेतलं, दुकानाचं, रामकिसनजींचं. तो ऐकत होता. मग मी सांगितलं की तुमच्या आई मला काय म्हणाल्या.

"पडून राहिलेय म्हणाली ना? मग आराम करतेय ती."

मी म्हटलं, दादा, आपल्या जालन्यात त्याचा अर्थ—

"मी जालन्याचाच आहे," तो म्हणाला. "मला नका शिकवू."

रामकिसनजी मला आदल्या दिवशी म्हणाले होते की मयंकला सातवीपासूनच बाहेर वसतिगृहात ठेवलं होतं. घरी मारवाडी, तिकडे इंग्रजी. आईची मराठी ही आईची आणि गल्लीची होती. त्याच्या कानावर ती सुट्टीतच पडली असणार.

त्यानं मला समजावून सांगितलं, बऱ्यापैकी सभ्यपणे. आईला रोज दुपारी जैन स्वयंपाकाचा डबा जातो. डबेवाला मुलगा दाराच्या कडीला पिशवी अडकवतो आणि फोटो पाठवतो. फोटो कालही आला, परवाही आला. हॉलमध्ये कॅमेरा आहे, हॉल ठीकठाक आहे. आई दुपारी फोन उचलत नाही, तिला ऐकू कमी येतं, ती तिच्या खोलीत असते. कामवालीला सुट्टी दिली आहे कारण दोघांच्या गैरहजेरीत आईला कामवाली नको वाटते.

मी म्हटलं, "दादा, कालचा फोटो उघडा. त्यात कडीला एक पिशवी आहे की दोन?"

"पिशवी?" तो म्हणाला. मला वाटलं, आता. आता कळेल. आणि घाईत मी नको ते बोलून बसले.

"तुमच्या इमारतीचं नाव सांगा. फ्लॅट नंबर सांगा. मी आत्ता कुणाला तरी पाठवते."

त्याचा आवाजच पालटला. तुम्हाला माझा नंबर कुणी दिला, आई एकटी आहे हे तुम्हाला कसं माहीत, पाहणीवाल्या बाईचं नाव रुचि होतं, तुम्ही साधना म्हणवता. असे फोन रोज येतात म्हणाला. पोलिसांत देईन म्हणाला. मी म्हटलं, द्या, पोलिसांतच द्या, ते तरी घरी जातील. तोवर फोन बंद झाला होता. नंतर माझा नंबर लागलाच नाही. रामकिसनजींचाही नाही, त्यानं दोन्ही बंद केले. त्यानं तो फोटो उघडून पाहिला का, मला माहीत नाही. पाहिला असेल असं मी मनात धरते आणि पुढच्या क्षणी धरवत नाही.

भुजंग रात्रीच्या ड्यूटीवरून आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, मी गाडी बघतो, निघतो. कुठे निघता? समुद्रावर. समुद्रावर कुठे? ते पायातले बूट न काढता पायरीवर बसून राहिले.

आता दुपार आहे. साक्षी माझ्या मांडीला टेकून झोपली आहे, तिचा फ्रॉक मी मुठीत धरला आहे आणि दुसऱ्या हातानं हे लिहून राह्यले. सुबक मराठीत लिहायला वेळ नाही.

तरीबंदर हे नाव मी बदललेलं आहे. आडनावही मुद्दाम लिहीत नाही. एकटी म्हातारी कुठल्या घरात आहे हे चोराला कळू नये. फक्त शेजाऱ्याला ओळखू येईल एवढंच लिहिते. तुम्ही समुद्राजवळच्या एखाद्या उंच इमारतीत राहत असाल, तिचं नाव फुलाचं असेल आणि ते फूल कमळ नसेल, तर तुमच्या बाल्कनीत जा. शेजारच्या, खालच्या, समोरच्या बाल्कन्या बघा. कुठेतरी एसीच्या डब्याआड पांढऱ्या धोतराचा तुकडा पसरलेला असेल. त्यावर पातळ पिवळसर चकत्या. ऊन उतरल्यावर त्या उचललेल्या नसतील. काल उचलल्या नसतील, परवाही नसतील, समुद्राची हवा लागून मऊ पडल्या असतील. त्या घरातली बाई संध्याकाळी वाळवण बाहेर ठेवणारी नाही.

लिफ्टनं त्या मजल्यावर जा. कडीला अडकवलेल्या पिशव्या मोजू नका, सरळ बेल वाजवा. आतून आवाज आला नाही तर दार ठोका, त्यांना ऐकू कमी येतं. तरीही नाही आला तर मॅनेजरला बोलवा, दार उघडायला लावा. राबोडी खाल्लेला मॅनेजर आहे, त्याला घर माहीत आहे. आणि आतून, फरशीजवळून, हळू आवाजात कुणी म्हणालं की मी पडून राह्यले, तर आराम करा म्हणून परत फिरू नका.

त्यांचं नाव सायरबाई. जाऊन बघता का?